टूरची स्टेज जिंकली, तरी संघ खाली घसरला

६ जुलै २०२२. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची पाचवी स्टेज, म्हणजे टप्पा, लीलपासून आरेनबर्गपर्यंत. वाटेत उत्तर फ्रान्सचे ते कुप्रसिद्ध दगडी रस्ते, ज्यांच्यावरून सायकल नेताना हाडं खिळखिळी होतात. शेवटी धुळीने माखलेले दोघे जण फिनिशच्या रेषेवर एकदमच सायकल पुढे झोकून देतात. कोण जिंकलं ते फोटो पाहूनच ठरतं : सायमन क्लार्क, ऑस्ट्रेलिया, वय ३५. आधीचा संघ बंद पडल्यामुळे त्याच जानेवारीपर्यंत हा माणूस बेरोजगार होता. इस्रायल–प्रीमियर टेक या संघाने त्याला ठेवून घेतलं आणि त्याने थेट टूरची स्टेज आणून दिली. पुढे दोन आठवड्यांच्या आत त्याच संघाच्या ह्यूगो हूलने फ्वा या गावी संघासाठी दुसरी स्टेज जिंकली आणि अपघातात गेलेल्या धाकट्या भावाला ती वाहिली.

एका टूरमध्ये दोन स्टेज. बड्याबड्या संघांना जमत नाही ते यांनी करून दाखवलं. आणि त्याच वर्षाअखेरीस हा संघ सायकलिंगच्या सर्वोच्च श्रेणीतून बाहेर पडला.

हे कसं झालं, ते समजायला एकच आकडा पुरेसा आहे. क्लार्कच्या त्या विजयाचे संघाला १२० गुण मिळाले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या एखाद्या गावात, दोन-चारशे प्रेक्षकांसमोर झालेली, तुम्ही-आम्ही नावही न ऐकलेली ‘१.१’ दर्जाची एकदिवसीय शर्यत जिंकली असती तर मिळाले असते १२५.

मी हे कोष्टक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छपाईची चूक असेल असंच वाटलं होतं. चूक नव्हती.

आता जरा मागे जाऊन घराची रचना पाहू. जागतिक सायकलिंग चालवणारी संघटना म्हणजे यूसीआय. पुरुषांच्या रस्त्यावरच्या शर्यतींत तिने संघांचे मजले पाडलेत. सगळ्यात वर वर्ल्डटीम, संख्या १८. त्याखाली प्रोटीम. त्याच्याही खाली कॉन्टिनेंटल संघ, ते जगभर विखुरलेले. वरच्या मजल्यावर राहायचा परवाना तीन वर्षांसाठी मिळतो : २०२० ते २२, मग २०२३ ते २५, आणि आता २०२६ ते २८. तीन वर्षांत संघाने जमवलेल्या गुणांची बेरीज होते, यादी लागते, आणि पहिल्या अठरांत जो असेल त्याला पुढच्या तीन वर्षांच्या परवान्यावर हक्क सांगता येतो. एफवाय, एसवाय आणि टीवायचे गुण एकत्र करून वर्ग ठरवावा, तसं. एक वर्ष वाईट गेलं तरी सावरता येतं, पण पहिल्या दोन वर्षांत झोपा काढल्या तर तिसऱ्या वर्षी रात्रीचा दिवस करावा लागतो.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा नव्या जर्सीत हजर असतो, पण रणजीत मात्र एलिटमधून प्लेटमध्ये घसरण होते. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तर तळाच्या संघांना दरवर्षीच खालचा रस्ता दाखवतात. मग सायकलिंगमध्येच या गोष्टीवरून एवढा गहजब का?

कारण सायकलिंगच्या संघाकडे स्वतःचं असं काहीच नसतं. स्टेडियम नाही, तिकीटविक्री नाही. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला फुकट उभे राहतात. टीव्हीच्या हक्कांचा पैसा शर्यत भरवणाऱ्या कंपन्यांकडे जातो. टूर आणि स्पेनची व्हुएल्ता एएसओ कंपनीच्या, इटलीची जिरो आरसीएसची. संघ जगतो तो प्रायोजकाच्या पैशावर. इतका, की संघाचं नावच प्रायोजकाचं असतं. कोफिदिस ही ग्राहकांना कर्ज देणारी फ्रेंच कंपनी. युनो-एक्स म्हणजे पेट्रोल पंपांची साखळी. लोट्टो म्हणजे बेल्जियमची लॉटरी. या मंडळींना हवा असतो जुलै महिना. जुलैत टूर असते, आणि बाकी वर्षभर सायकलिंगकडे ढुंकूनही न पाहणारे लोक तेवढे तीन आठवडे टीव्हीसमोर बसतात. वर्ल्डटीमच्या परवान्याचा खरा अर्थ एवढाच : टूरसह सगळ्या वर्ल्डटूर शर्यतींत हक्काची जागा. परवाना गेला की हक्क जातो आणि आमंत्रणाची वाट पाहणं सुरू होतं. ‘टूरला आपण असू की नाही, अजून सांगता येत नाही’ असं प्रायोजकाला फोनवर सांगणं म्हणजे त्याने दुसरीकडे बघायला लागावं अशी सोय करून देणं.

तर मुद्दा गुणांचा. शर्यतींना दर्जे आहेत. आकड्यातला पहिला अंक १ असेल तर शर्यत एका दिवसाची, २ असेल तर अनेक टप्प्यांची. त्यापुढे दर्जा : सगळ्यात वर वर्ल्डटूर, मग प्रो, मग १, मग २. म्हणजे २.१ ही ‘१’ दर्जाची टप्प्यांची शर्यत आणि १.प्रो ही त्याहून वरची एकदिवसीय. जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर २.२ दर्जाची. तिथे अंतिम विजेत्याला ४० गुण. त्या दर्जाच्या शर्यतीत वर्ल्डटीमना उतरायची परवानगीच नाही, म्हणून टूरविजेत्या तादेई पोगाचारला सिंहगडाच्या पायथ्याशी पाहायची स्वप्नं एवढ्यात नकोत.

प्रत्येक संघाच्या सर्वोत्तम सायकलपटूंचेच गुण धरतात. २०२२ पर्यंत वरच्या दहांचे धरत, २०२३ पासून वीसांचे. हा बदल दिसतो किरकोळ, पण फार दूरवर जाणारा आहे. संघात साधारण तीस जण असतात. दहांचे गुण मोजत होते तेव्हा उरलेल्या वीसांनी पाण्याच्या बाटल्या पोचवल्या, वारा अंगावर घेतला, सरदाराला चढाच्या पायथ्याशी आणून सोडलं आणि मग निवांत मागे राहिले, तरी कुणाचं काही अडत नव्हतं. आता त्यांच्यातल्या आणखी दहांना स्वतःसाठीही काहीतरी कमवावं लागतं.

२०२२ च्या त्या विचित्र कोष्टकावर एवढी ओरड झाली की पुढच्या चक्रासाठी यूसीआयने आकडे बदलले. टूर जिंकणाऱ्याचे गुण १००० वरून १३०० झाले. मिलान–सान रेमो, फ्लँडर्स, रूबे, लिएज आणि लोम्बार्दिया या ज्या पाच मानाच्या एकदिवसीय शर्यती, ज्यांना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात, त्यांच्या विजेत्याचे ५०० वरून ८००. टूरच्या स्टेजचे १२० वरून २१०. क्लार्क आणि हूलला त्याचा काय उपयोग? नियम मागच्या तारखेने लागू होत नाहीत.

पण खरी गंमत तळाच्या दर्जात आहे, आणि ती या बदलानंतरही तशीच राहिली. जानेवारीच्या शेवटी स्पेनच्या मायोर्का बेटावर पाच दिवस शर्यती होतात. एकाच बेटावर, एकाच आयोजकाच्या, सलग. बघणाऱ्याला वाटेल ही पाच टप्प्यांची एक शर्यत आहे. कागदावर मात्र त्या पाच स्वतंत्र १.१ शर्यती आहेत. प्रत्येकीच्या विजेत्याला १२५ गुण. आता हेच पाच दिवस २.१ दर्जाची टप्प्यांची शर्यत म्हणून भरवले असते तर? एकूण विजेत्याला १२५, आणि रोजची स्टेज जिंकणाऱ्याला फक्त १४. घाम तेवढाच आणि रस्तेही तेच. शिवाय मायोर्कात संघाला रोज वेगळी माणसं उतरवता येतात. काल दमलेला आज हॉटेलच्या गच्चीवर पाय वर करून बसतो. आपल्या धाब्यावर थाळी न घेता सगळं सुटं मागवलं तर बिल वाढतं ना, तसंच काहीसं, फक्त इथे वाढलेलं बिल संघाला मिळतं.

दुसरी मेख क्रमवारीत. १.१ शर्यतीत पहिल्याला १२५, दुसऱ्याला ८५, तिसऱ्याला ७०, मग ६०, ५०, ४० असे गुण उतरत जातात. बेरीज करून पाहा. ज्या संघाचा माणूस जिंकला त्याला १२५. ज्या संघाचे तिघे चौथे, पाचवे, सहावे आले त्याला १५०. फुलं एकाच्या हातात, पोडियमवर तोच, फोटोही त्याचाच. पण संध्याकाळी हिशेबाच्या वहीत दुसरा संघ पुढे.

याचे परिणाम रस्त्यावर दिसतात. सायकलिंगची जुनी रीत अशी की संघातला सगळ्यात वेगवान गडी एक, बाकीचे त्याच्यासाठी राबणार. शेवटच्या दोनशे मीटरवर त्याला मोकळा रस्ता करून द्यायचा आणि आपण पायडल मारणं थांबवायचं. गुणांच्या भीतीत सापडलेले संघ आता असं करत नाहीत. त्यांचे दोघे-तिघे आपापल्या परीने धावतात. जिंकायची शक्यता त्याने थोडी कमी होते, दहांत तिघे येण्याची वाढते. बसमध्ये बसलेल्या व्यवस्थापकाला दुसरी गोष्ट जास्त हवी असते.

मला यात एक दुःखाचा भागही दिसतो. पळून जाणारा सायकलपटू, म्हणजे सकाळीच घोळक्यातून निसटून दीडशे किलोमीटर एकटा पुढे राहणारा आणि शेवटच्या पाच किलोमीटरवर पकडला जाणारा, हे या खेळाचं निम्मं काव्य. त्याला शून्य गुण. घोळक्यात आरामात बसून शेवटी आठवा आलेल्याला ३०.

हे सगळं सगळ्यात नीट उलगडलं ते आस्ताना संघाने. कझाकस्तानचा हा संघ, प्रमुख अलेक्झांडर विनोकुरोव्ह. २०२४ मध्ये त्यांनी जवळजवळ सगळं बळ एका माणसाच्या मागे लावलं : मार्क कॅव्हेंडिश. टूरच्या सर्वाधिक स्टेज जिंकण्याचा एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडायचा होता. ३ जुलै २०२४ ला सेंट-व्हुल्बासमध्ये कॅव्हेंडिशने ३५ वी स्टेज जिंकली. जगभर बातमी झाली, विरोधी संघांचे लोक येऊन गळ्यात पडले. सायकलिंगच्या इतिहासात त्या दिवसाचं मोल करता येणार नाही. यूसीआयच्या कोष्टकात करता येतं : २१०. म्हणजे मायोर्कातल्या दोन शर्यतींपेक्षा ४० कमी.

त्या मोसमाअखेरीस आस्ताना अठराच्या बाहेर होतं, आणि थोडंथोडकं नाही, हजारो गुणांनी. एकच वर्ष उरलेलं. मग चीनची सायकल बनवणारी एक्सडीएस कंपनी भागीदार म्हणून आली, नवी माणसं घेतली, आणि २०२५ मध्ये या संघाने कोष्टक अक्षरशः पाठ केलं. इटली, स्पेन आणि फ्रान्सच्या लहान शर्यतींत फेब्रुवारीपासून त्यांचे फिकट निळे जर्सीवाले झुंडीने दिसू लागले. एक जिंकला, पण त्याच्या मागे आणखी दोघे दहांत, हे नेहमीचं झालं. मोठ्या शर्यती सोडल्या असंही नाही : जिरोच्या सोळाव्या स्टेजला क्रिस्तियान स्कारोनी आणि लोरेन्झो फोर्तुनातो हातात हात घालून फिनिशला आले, पहिला आणि दुसरा. वर्षअखेरीच्या यादीत संघ टूरविजेत्या पोगाचार–व्हिंगेगार्डच्या संघांच्या पंगतीत, पहिल्या पाचांत. जागा वाचली.

कुणी म्हणालं ही पळवाट आहे. मला नाही पटत. परीक्षेचा पेपर कसा तपासतात ते आधीच सांगितलं असेल, तर त्या बेताने अभ्यास करणाऱ्याला दोष कसला द्यायचा?

२०२५ च्या टूरची अंतिम यादी या दृष्टीने पुन्हा वाचली की वेगळीच दिसते. पहिला पोगाचार, दुसरा व्हिंगेगार्ड. ते आपल्या जागी. चौथा स्कॉटलंडचा ऑस्कर ऑनली, संघ पिकनिक–पोस्टएनएल. सहावा नॉर्वेचा टोबियास हालांद योहानेसन, संघ युनो-एक्स. सातवा फ्रान्सचा केव्हिन व्होकलां, संघ आर्केआ. हे तिन्ही संघ तेव्हा अठराव्या जागेच्या आसपास धडपडत होते. आल्प्सच्या चढावर कॅमेरा आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीवर होता, आणि त्याच्या मागे काही मिनिटांवर ही तीन पोरं आपापल्या संघातल्या स्वयंपाक्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांच्या नोकऱ्या खांद्यावर घेऊन चढत होती.

तिघांच्या संघांचं पुढे काय झालं, ते तिन्ही वेगळं. पिकनिक तगला. आर्केआने हिशेबात हरायच्या आधीच दम सोडला : प्रायोजक मागे हटले, नवे मिळाले नाहीत आणि वर्षाअखेरीस संघच बंद झाला. गुणांची यादी ही परवान्याची एकच अट आहे, हे इथे लक्षात घ्यावं. आर्थिक, नैतिक, प्रशासकीय आणि संघटनात्मक अशा आणखी अटी असतात. बँकेची हमी द्यावी लागते. गुण आहेत पण पैसे नाहीत, तर यादीतली जागा कागदावरच राहते.

आणि युनो-एक्स? त्यांना दुसऱ्यांच्या लग्नाने हात दिला. बेल्जियमचे दोन संघ, लोट्टो आणि इंटरमार्शे, पैशाच्या ओढाताणीमुळे एकत्र आले. दोन घरांचं एक घर झालं, एक खोली रिकामी झाली, आणि ती नॉर्वेच्या पेट्रोल पंपवाल्यांना मिळाली. कोफिदिस मात्र बाहेर राहिला.

एक शंका इथे साहजिक आहे. ऑनली आणि व्होकलां दोघेही २०२६ साठी इनिऑस या ब्रिटिश संघात गेले. मग त्यांचे गुण? ते जुन्या संघाकडेच राहतात. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी गुण सायकलपटूच्या खिशात असत आणि तो नव्या संघाकडे घेऊन जाई. त्यामुळे काही अजब सौदे झाले. २०१२ च्या मोसमासाठी फ्रान्सच्या एजी२आर संघाने इराणच्या आमिर झरगरीला घेतलं, कारण आशियातल्या शर्यतींत त्याने गुणांची चांगली पुंजी जमवली होती. आता माणूस विकत घेता येतो, त्याची मागची कमाई नाही.

खाली घसरणं म्हणजे शेवटच, असं मात्र नाही. आणि नियमाची सगळ्यात मजेशीर मेख इथेच आहे. वर्ल्डटीमला वर्ल्डटूरच्या शर्यतींत हक्काची जागा आहे तशी हजेरीची सक्तीही आहे. चीनपासून कॅनडापर्यंत जा, माणसं विभागा, ट्रक पाठवा. प्रोटीमना सक्ती नाही. आणि २०२२ नंतर नियम असा होता की त्या वर्षाच्या यादीतल्या पहिल्या दोन प्रोटीमना पुढच्या वर्षी मोठ्या शर्यतींचं आमंत्रण आपोआप मिळेल. घसरलेला संघ साहजिकच प्रोटीममध्ये बलवान ठरतो. म्हणजे तो टूरला जाणार, हव्या त्या मोठ्या शर्यतींना जाणार, आणि नको असेल तिथे नम्रपणे नाही म्हणणार. लोट्टो २०२२ मध्ये घसरला आणि २०२३ मध्ये त्याने जिरोला चक्क नकार दिला. तेवढ्या दिवसांत आणि तेवढ्या माणसांत इतर शर्यतींची कमाई होते.

म्हणजे खरा कडा अठराव्या आणि एकोणिसाव्यात नव्हता, प्रोटीममधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्यात होता. इस्रायल–प्रीमियर टेकला २०२२ नंतर तेच भोगावं लागलं. लोट्टो आणि टोटालएनर्जीज पुढे गेले, हे तिसरे. २०२३ च्या टूरसाठी त्यांना आयोजकांच्या मर्जीवर थांबावं लागलं. आमंत्रण आलं, आणि मायकेल वुड्सने पुई द डोमच्या ज्वालामुखीवर स्टेज जिंकून त्याची परतफेड केली. लोट्टो आणि हा संघ, दोघेही तीन वर्षांनी गुणांच्या जोरावर पुन्हा वर आले. इस्रायल–प्रीमियर टेकचं नाव मात्र वाटेत पुसलं गेलं : २०२५ च्या व्हुएल्तात संघाविरुद्ध एवढी निदर्शनं झाली की माद्रिदमधली शेवटची स्टेज अर्धवट सोडावी लागली. प्रायोजक गेला, नाव बदलून एनएसएन झालं. गुण तेवढे तसेच राहिले.

या पद्धतीवर माझा मोठा आक्षेप गुणांच्या आकड्यांवर नाही, तीन वर्षांच्या घड्याळावर आहे. पहिल्या वर्षी कुणाला फिकीर नसते. दुसऱ्या वर्षी कुजबुज. तिसऱ्या वर्षी ऑगस्ट उजाडला की आजारी माणसंही शर्यतीला पाठवली जातात. २०२२ मध्ये स्पेनच्या मोव्हिस्टारसारखा जुना, मानाचा संघ गटांगळ्या खात होता. त्यांचा ४२ वर्षांचा अलेहान्द्रो व्हाल्व्हेर्दे आपल्या निरोपाच्या मोसमात गुण वेचत फिरत होता. शेवटी त्याच संघाचा एन्रिक मास व्हुएल्तात दुसरा आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि एकदा यादी लागली की १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी. दोन वर्षं पहिल्या दहात राहून तिसऱ्या वर्षी ढेपाळलेला आणि दोन वर्षं ढेपाळून शेवटी उसळलेला, दोघे पुन्हा शून्यावर.

ती पाटी १ जानेवारी २०२६ ला पुसली गेली आहे. आता एखाद्या लहान शर्यतीच्या फिनिशला, विजेता केव्हाच हात वर करून गेल्यावर, दहाव्या क्रमांकासाठी एकाच रंगाच्या जर्सीतले तिघे जीव तोडून पायडल मारताना दिसले, तर त्यांचा संघ यादीत कितवा आहे ते जाऊन बघा. बहुतेक सतरा ते वीसच्या दरम्यान सापडेल.